दार बंद होतं, हौसा

दार हललं नाही. तू आधी दोन्ही हातांनी ढकललंस, मग खांदा लावलास, मग मागं सरून अंगाची धडक दिलीस. तुझ्यासारख्या बाईच्या धडकेनं आमच्या गोठ्याची भिंत पडली असती, पण ते लोखंडी दार होतं आणि त्याला बाहेरून कुलूप होतं. मागं बायका खोकत होत्या. डोळ्यांत कुणी तिखट भरावं तशी आग होत होती. कोल्ड स्टोरेजच्या बाजूनं शिट्टी वाजावी तसा आवाज येत होता, थांबत नव्हता. मी तुझा पदर धरून उभी होते. तू वळलीस आणि मला म्हणालीस, "आक्का, कुलूप हाय." जसं काही मी किल्ली कनवटीला लावून आले होते.

आपण तिथंच मरणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी देवाचं नाव घेतलं नाही, मुकादमाला शिव्या घातल्या. तू म्हणालीस, शिव्या बाहेर गेल्यावर दे, आता तोंड मीट.

त्याला काही वर्षं झाली. आणि आता पंधरवड्यापूर्वी तू मिरजेच्या दवाखान्यात गेलीस. तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. पांढऱ्या साड्यांच्या रांगेत मागं बसले होते. वंदना झाली, भंतेजी चार शब्द बोलले, ते चांगले बोलले. मग लोक बोलायला उठले. हौसाबाई शांत होत्या, हौसाबाई सोशिक होत्या. मी इकडंतिकडं बघितलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाला तर बसले नाही ना. तू शांत कधी होतीस? उंब्रजची तू. हायवेच्या कडेला वाढलीस, ट्रकच्या आवाजावर बोलायची सवय, ती सासरी येऊनही गेली नाही. तू कुजबुजलीस तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. शेवटी शेवटी मात्र आवाज गेला. तेवढं मला बघवलं नाही.

आपलं भांडण राहिलंय. ते तरी नीट सांगावं म्हणून लिहायला बसले. मध्ये बोलायला आता तू नाहीस, म्हणून माझंच बरोबर ठरेल असं समजू नकोस.

पहिल्यांदा वास आला तेव्हा आपल्यातली एकही उठली नाही. बेदाण्याच्या कामातली बाई वासाला उठत नसते. शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, रंग धरावा म्हणून. त्या धुरात आपण इतके हंगाम काढले होते की घसा खवखवला की पदर नाकाला लावायचा आणि हात चालू ठेवायचे, हे शिकवावं लागत नव्हतं. नवी पोरगी खोकली की आपणच हसायचो. गंधक लागला म्हणजे बेदाण्याची झालीस, असं तू म्हणायचीस. त्या दुपारी बेदाणा निवडायच्या हॉलातही तसंच झालं. सगळ्यांनी पदर वर घेतले आणि काड्या काढणं, काळा माल बाजूला करणं चालू ठेवलं. सुपरवायझर जाळीतून डोकावला, गंधकच आहे, शेडवरून वारा आलाय म्हणाला आणि निघून गेला. तो बाहेरच्या बाहेर होता.

तू मान वर करून हुंगलंस. म्हणालीस, गंधक असा नसतो, गोठा चार दिवस झाडला नाही की असा वास मारतो. तोवर उशीर झाला होता. गार करायच्या यंत्राचा पाइप फुटून अमोनिया सुटला होता, हे आपल्याला नंतर कळलं. अमोनिया हे नावही नंतरच कळलं. आपल्याला त्या यंत्राच्या भिंतीला लागून बसवलं होतं, हंगामामागून हंगाम. यात असा असा वायू आहे, असा वास आला तर काम टाकून पळा, एवढं सांगायला कुणाला किती वेळ लागला असता? आपला चहा व्हायला लागतो त्यापेक्षा कमी.

यायजायचं दार स्टोरेजच्या बाजूला, आणि वायू तिकडूनच येत होता. दुसरं दार मागं. त्यावर पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र लावलं होतं. ते कायम बंद, कारण दोन दारं उघडी ठेवली तर दोन ठिकाणी झडती घ्यावी लागते. झडती कशासाठी, तर बायका पदराच्या गाठीत बेदाणा बांधून नेतात. नेत होतोच. मूठभर, घरातल्या पोरांना. त्या मूठभर बेदाण्याला कुलूप होतं आणि आपल्याला नव्हतं असं नाही, दोघांना मिळून एकच होतं.

खिडकी तू फोडलीस. लोखंडी स्टूल उचललंस आणि काच फुटेपर्यंत मारत राहिलीस. खिडकी उंच होती आणि अरुंद. तू भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवलेस आणि एकेकीला मांडीवर पाय द्यायला लावून वर ढकललंस. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आधी तू हो.

"मी आदी गेले आन् अडकले तर बाटलीला बूच बसंल," तू म्हणालीस. "मागं सगळ्या मराल. चढ गप."

इतक्या खोकल्यातही कुणीतरी हसलं, मला आठवतं. मी तुझ्या मांडीवर पाय दिला आणि चढले. तू सगळ्यांत शेवटी राहिलीस, आणि खरंच अडकलीस. हमालांनी बाहेरून चौकट उचकटली, तेव्हा तू निघालीस. फरशीवर पडली होतीस, तोंडाला फेस, डोळे सुजून बंद. मला वाटलं, गेली. तू डोळे न उघडता विचारलंस, साडी वर गेलेली कुणी बघितली नाही ना.

कंपनी म्हणायची, आम्ही सगळे नियम पाळतो. हॉलात पाटीच होती. इथे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हक्कांचा आदर केला जातो. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझी तेवढीही नाही, म्हणून मी तुला वाचून दाखवली होती. आदर करतात म्हणजे नेमकं काय करतात, असं तू विचारलंस. मी म्हटलं, मला काय माहीत, माझा अजून कुणी केला नाही.

आपला बेदाणा परदेशातल्या दुकानांना जायचा. ते दुकानवाले तपासायला माणसं पाठवायचे. ती यायच्या दिवशी सकाळी टोप्या मिळायच्या, हातमोजे, तोंडाला पट्टी. मागच्या दारासमोरचे क्रेट हलवायचे आणि कुलूप काढायचे. काय विचारलं तर काय सांगायचं, हे मुकादम आदल्या दिवशी घोकून घ्यायचा, शाळेत पाढे घ्यावेत तसं. संध्याकाळी टोप्या परत, हातमोजे परत, क्रेट जागेवर, कुलूप जागेवर. तू एकदा हातमोजे दिलेच नाहीस. भांडी घासायला बरे पडतात म्हणालीस. मुकादम आठवडाभर मागत होता आणि तू रोज त्याला सांगत होतीस की आदर म्हणून ठेवून घेतलेत.

अपघातानंतर पुन्हा तपासणी आली. पुण्याची बाई होती, हळू बोलणारी. एकेकीला वेगळं बसवून तिनं विचारलं. मी सांगितलं, दाराला बाहेरून कुलूप होतं. तुला विचारलं तेव्हा तू सांगितलंस, दार उघडं होतं, आम्हीच घाबरून भलतीकडं पळालो.

मला हे मुकादमाकडून कळलं. तो खुशीत सांगत होता. मी तशीच तुझ्या घरी आले. तू भाकरी थापत होतीस. मला बघून थांबली नाहीस.

"तुझ्या खांद्यावर त्या दाराचा वळ हाय अजून," मी म्हटलं.

"हाय की."

"मग?"

"तुझा ल्योक मिल्ट्रीत हाय, आक्का. तुला खरं बोलायला परवडतं."

तुझी भाकरी फुगली, तू ती उतरवलीस, दुसरी टाकलीस. मग मी म्हटलं, खोटं तुला परवडंल का बघ. तू म्हणालीस, बघू की.

बघायला फार दिवस लागले नाहीत. इतर दोघीतिघींनीही माझ्यासारखंच सांगितलं होतं. दुकानवाल्यांनी माल घेणं बंद केलं. जिथं माणसं कोंडतात तिथला माल आम्ही घेत नाही, असं त्यांच्याकडं छापून आलं म्हणे. त्यांना आपण फार चांगलं केलं असं वाटलं असणार. इकडं हॉल बंद झाला. कोंडणारे घरी बसले नाहीत, ज्या कोंडल्या होत्या त्या बसल्या. मालकाला कुंडलच्या बाजूला बागा होत्या, त्याचं काही अडलं नाही. बायका हळद काढायला गेल्या, उसात भांगलायला गेल्या, आणि ज्यांना खोकल्यानं वाकवत नव्हतं त्या कुठंच गेल्या नाहीत. एकाही दुकानवाल्यानं येऊन विचारलं नाही की तुमचं आता कसं चाललंय.

मी पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेले की बोलणं थांबायचं. एक दिवस एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, खरं बोलणाऱ्यांच्या घरात मिल्ट्रीचा पगार येतो. तुझंच वाक्य गावभर फिरून माझ्याकडं आलं होतं. मला राग आला तो तुझा. पण तू मागंच उभी होतीस, डोक्यावर पाटी घेऊन. तू पाटी खाली ठेवलीस आणि त्या बाईला असं धारेवर धरलंस की गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. आक्काला बोलायचं असेल तर मी बोलेन, म्हणालीस, तू खिडकीतून बाहेर आलीस ती कुणाच्या मांडीवरून, ते आठव आधी. त्यानंतर मला तिथं कुणी बोललं नाही. तू मात्र बोलत राहिलीस. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचीस, माझाच चहा प्यायचीस आणि मलाच टोमणे मारायचीस.

मी तुला म्हणायची, आपण गप्प बसलो तर ते पुढच्यांनाही कोंडतील. तू म्हणायचीस, बोललो तर कामच जातं, मग कोंडून घ्यायला तरी कुठं जायचं? मी म्हणायची, माणसाच्या जिवापेक्षा काम मोठं नाही. तू म्हणायचीस, पोटात कळ आली की सांग. हेच पुन्हा पुन्हा. आपल्या दोघींना पाठ झालं होतं.

चूक कुणाची, हे मात्र आपण दोघींनी शोधून बघितलं. मालक म्हणाला, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, दाराची किल्ली मुकादमाकडं. मुकादम म्हणाला, हुकूम मालकाचा. दुकानवाले म्हणाले, आता आमचा त्यांच्याशी संबंधच नाही. मला हे कळत नाही. माझ्या मुलाच्या लग्नात मांडव कोसळून कुणाचं डोकं फुटलं असतं, तर मांडववाल्याकडं बोट करून मी घरात जाऊन बसले असते का? माणसं माझ्या बोलावण्यावर आली होती, जेवणार माझ्या दारात होती. ज्याच्या कामासाठी माणूस बसतो त्यानं त्या माणसाचं बघायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? चौथीपर्यंत आम्हाला यापेक्षा अवघड शिकवलं होतं.

दोन हंगाम गेले आणि हॉल पुन्हा उघडला. पाटी नवी, नाव नवं, माल दुसऱ्या देशात. मालक तोच. तुझी सून रेखा तिथं लागली. दाराला आता आडवा दांडा बसवलाय, ढकलला की उघडतो, असं तिनं सांगितलं. कुलूप नाही. दारासमोर क्रेटची थप्पी असते, तिच्या डोक्याएवढी.

तू मात्र पुन्हा कामावर गेली नाहीस. आधी माझ्या ओट्यापर्यंत येताना मध्ये एकदा थांबायचीस. मग मीच तुझ्याकडं यायला लागले. तू आडवी झोपेनाशी झालीस, पाठीला उशा लावून बसल्या बसल्या रात्र काढायचीस. ऑक्सिजनचा बाटला आला, नाकाला नळी आली. मिरजेच्या डॉक्टरनं विचारलं, काम काय करायच्या. रेखानं सांगितलं, बेदाणा. त्यानं दमा लिहिला. गंधकाचा धूर, वय, चुलीचा धूर, असं काहीबाही म्हणाला. अमोनिया आपण सांगितला, पण कंपनीच्या कागदात त्या दिवशी दवाखान्यात कुणाला नेल्याची नोंदच नव्हती. चार जणींना टेम्पोत घालून मुकादमानं कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात नेलं होतं, डोळे धुऊन घरी पाठवलं होतं. तो काय नोंद ठेवणार?

दार उघडं होतं असं का सांगितलंस, हे मी तुला किती वेळा विचारलं. एकदा म्हणालीस, पुढंमागं रेखाला तिथं काम लागावं म्हणून. एकदा म्हणालीस, मुकादमाची बायको पाया पडली. एकदा म्हणालीस, विसरले. मिरजेत मी शेवटचं विचारलं. विचारायला नको होतं असं लोक म्हणतील, पण मी विचारलं. तू तोंडावरचं ते ऑक्सिजनचं काढलंस. नर्स ओरडली, तू तिच्याकडं बघितलंही नाहीस. मला जवळ बोलावलंस.

"रेखाला म्हणावं, दार दिसंल असं बस."

एवढंच. ते उत्तर होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मीही एक गोष्ट तुला बोलले नाही. तुझ्या मांडीवर पाय देऊन मी बाहेर आले आणि तू आत राहिलीस, हे मी कधी तोंडातून काढलं नाही. आपल्यात असं कुणी बोलत नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मग कांदाभजी खायला घाल. भजी तरी घालायला हवी होती.

पुण्यानुमोदनाला कंपनीचा मॅनेजर आला होता. मोठा हार आणला होता. हौसाबाई आमच्या कुटुंबातल्या होत्या, म्हणाला, तब्येतीनं गेल्या, वयापुढं इलाज नाही. मी विचारलं, कुटुंबातल्या बाईला बघायला मिरजेला कधी आला होता? तो म्हणाला, आजी, हे बोलायची ही वेळ नाही. मी म्हटलं, मग कवा हाय ते सांगून जा. तो चहा न घेता उठला. हार तुझ्या फोटोला घातला होता तो रेखानं काढला नाही. माणसानं आणलेलं फूल आहे, राहू दे म्हणाली. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे, आणि माझ्यापेक्षाही.

दोन दिवसांनी रेखा माझ्याकडं आली. तपासणी येणार होती, नव्या दुकानवाल्यांची. मुकादमानं घोकून घेतलं होतं. तिनं विचारलं, आक्का, काय सांगू? मला वाटलं होतं, हा प्रश्न आला की माझं उत्तर तयार असेल. इतकी वर्षं तुझ्याशी भांडून ते घासूनपुसून ठेवलं होतं. पण ती समोर उभी राहिली, तिच्या हातात तुझीच डब्याची पिशवी होती, आणि माझ्या तोंडून निघालं की मला विचारू नकोस. माझ्या घरात पगार येतो. तुझ्या घरात काय येतं ते बघ आणि बोल. हौसा, तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, आली म्हातारी ठिकाणावर. तुझा तेवढा निरोप मी तिला दिला, दार दिसेल असं बस. तिनं मान हलवली आणि गेली.

काल संध्याकाळी ती कामावरून सरळ माझ्या ओट्यावर आली. डोक्याला अजून ती टोपी होती. उभी राहूनच बोलली.

"सांगितलं," म्हणाली. "दार बंद हुतं म्हणून सांगितलं. आत्या शेवटपर्यंत आत हुत्या, त्यातनंच गेल्या, म्हणून सांगितलं. क्रेट दाखवलं. आन् म्हणलं, आता माल बंद करू नगासा. मागचं दुकानवालं निघून गेलं, आमाला उघड्यावर टाकून. तुमी हितं ऱ्हावा. दार मोकळं करून घ्या, मोकळं ऱ्हातंय का बघायला पुन्हा पुन्हा या, न सांगता या. आन् माल घ्या."

मी विचारलं, तपासणीची बाई काय म्हणाली. लिहून घेते म्हणाली, पुढचं तिच्या हातात नाही. मुकादम बाहेर उभा होता, त्यानं ऐकलं असणार. रेखा पाणी प्यायली, टोपी काढून तिनं घडी घातली आणि स्वयंपाकाला म्हणून घरी गेली.

हे आपल्या दोघींना कसं सुचलं नाही, हौसा? दार पण उघडा आणि माल पण घ्या. दोन्ही मागायचं. तू एक धरून बसलीस, मी दुसरं. भांडण्यात वेळ गेला.

पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मालक रेखाला काढेल, किंवा काढणार नाही. दुकानवाले थांबतील, किंवा मागच्यांसारखे हात धुऊन निघून जातील. मी आता थकले आहे, मला फार आशा करायला जमत नाही. आज सकाळी ती कामावर गेली एवढं बघितलं.

त्या अपघातात जीवितहानी नाही, असं कंपनीच्या कागदावर आहे. तू ज्यांना ज्यांना खिडकीतून वर ढकललंस, त्या सगळ्या जिवंत आहोत. तू नाहीस.